पिवळे दिवे विझवून गोजराबाईला परत बसवण्याबाबत

दिनांक : ३० जानेवारी २०२५

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब,
परिवहन कार्यालय, नाशिक.

अर्जदार : श्रीमती सुमनबाई पुंजा गांगुर्डे, वय ७३ (आधार कार्डावर ६९), धंदा कोथिंबीर, राहणार गांगुर्डे वस्ती, विंचूरजवळ, ता. निफाड, जि. नाशिक.

विषय : धुकं नसताना धुक्याचे दिवे लावून फिरणाऱ्या इसमास आवर घालणे व अर्जदाराची मैत्रीण गोजराबाई हिला सहादूच्या पिकअपमधील मूळ जागी परत बसवणे.

संदर्भ : आपल्याच कार्यालयातील साहेबांनी दि. ८ जानेवारी रोजी रस्ता सुरक्षा अभियानाच्या मांडवात, निफाड मुक्कामी केलेलं भाषण. (कागद नाही. अर्जदाराने पहिल्या रांगेत बसून पाठ केलं आहे.)

महोदय,

अर्जदार सुमनबाई भर वस्तीत, चार माणसांसमोर, अंगात जेवढा आवाज आहे तेवढा लावून शपथेवर सांगते की ह्या अर्जातला शब्द न् शब्द खरा आहे. शपथ गोदामाईची, शपथ दारातल्या कोथिंबिरीच्या वाफ्याची, आणि तेवढ्याने साहेबांचं समाधान होत नसेल तर तोंडात उरलेल्या चार दातांची. अर्ज अर्जदाराने सांगितला आणि नात साक्षी हिने लिहून घेतला. साक्षी बी.कॉम. आहे. ती मधे मधे "आजी, हे नको" असं म्हणाली, ते लिहिलेलं नाही.

१. अर्जदाराचा मुलगा सहादू ह्याची पिकअप आहे. रोज पहाटे पाचला कोथिंबिरीच्या जुड्या भरून ती नाशिकच्या भाजीबाजाराला निघते. पुढे तीन माणसं बसतात. स्टेअरिंगला सहादू, खिडकीला अर्जदार, आणि दोघांच्या मधे गोजराबाई. गोजराबाई शेजारच्या मळ्यातली. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून वस्तीवर आल्या, बाजारात एकाच ओट्यावर बसतात, आणि एकीने अर्धा ठेवलेला चहा दुसरी न विचारता पिते. हा बसण्याचा क्रम एकोणीस वर्षं चालत आलेला आहे. तो कोणी लिहून दिलेला नसला तरी वहिवाट आहे, आणि वहिवाट मोडली तर दाद मागता येते असं अर्जदाराच्या ऐकिवात आहे.

२. साहेब नाशकात बसतात म्हणून सांगावं लागतं. मार्गशीर्ष लागला की चांदोरीच्या आसपास, नदीच्या अंगाला जे धुकं उतरतं ते साधं नसतं. एकदा सहादू काच पुसायला खाली उतरला, अंगातला स्वेटर काढून त्याने धुक्यावर टांगला, आणि काच पुसून झाल्यावर तिथूनच काढून घातला. अर्जदाराने स्वतः विळ्याने धुकं कापून गाडीला वाट केलेली आहे.

अशा धुक्यात सहादू लाईट खालची ठेवतो, गाडी दुसऱ्या गिअरात, आणि अर्जदार काच उतरवून मान बाहेर काढते. पुढचं काम नाकाचं आणि कानाचं. फवारणीच्या औषधाचा वास आला की डाव्या हाताला द्राक्षाचा बाग, म्हणजे आता वळण. गुळाचा वास आला की गुऱ्हाळ, तिथे उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, हॉर्न वाजवायचा. चाकाखालचा आवाज पोकळ झाला की पूल. अर्जदार फक्त "डावं घे, डावं घे, आता सोड" एवढंच म्हणते आणि गाडी नाशकात पोचते. गोजराबाईचं काम अर्जदाराचा पदर मुठीत धरून ठेवायचं, म्हणजे अर्जदार खिडकीतून बाहेर घरंगळू नये. मूठ सैल झाली की ती म्हणायची, "सुमे, जराशी आत ये. तू पडली तं मला बाजाराचा रस्ता कोण दाखवंल." त्या मुठीच्या चुण्या पदरावर पडलेल्या आहेत. त्या इस्त्रीने जात नाहीत.

अर्जदाराच्या कामाचा दाखला हवा असल्यास, मागच्या वर्षी अर्जदाराच्या आवाजामागे एकामागे एक एक्केचाळीस गाड्या लागल्या होत्या. त्यात देवळ्याहून कांदा घेऊन विंचूरला निघालेला एक ट्रक होता. धुक्यात त्याचं विंचूर मागे गेलं, त्याला कळलं नाही, तो आवाज ऐकत ऐकत थेट नाशिकच्या भाजीबाजारात आला. ड्रायव्हरने उतरून अर्जदाराच्या पाया पडून विचारलं, "मावशी, कांद्याचा लिलाव कुठशी?" गोजराबाई तेव्हा एवढी हसली की तिला ओट्यावर झोपवावं लागलं.

३. आता लताबाई. लताबाई ही अर्जदाराची चुलत जाऊ. अर्जदाराच्या मनात लताबाईबद्दल काहीही नाही. लताबाईचं घर दुमजली आहे, तिच्या विहिरीला वैशाखात पाणी असतं, तिचे गुडघे दुखत नाहीत, तिचा एकही दात पडलेला नाही, आणि तिने फोडणी घातली की वास अर्जदाराच्या घरात येतो. ह्यातलं काहीही अर्जदाराला खुपत नाही. साक्षीने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा खुपलं नाही.

लताबाईचा जावई प्रफुल्ल हा पूर्वी अंबडला कारखान्यात होता. आता तो सासुरवाडीलाच राहतो आणि लताबाईची भाजी बाजारात नेतो. दिवाळीच्या पाडव्याला त्याने नवी पिकअप आणली आणि स्वतःच्या हाताने बंपरखाली दोन पिवळे दिवे आणि मागे एक लाल दिवा बसवला. लताबाईने वस्तीभर फिरून सांगितलं, "आमच्या जावयानं उजेड वाकवून बसवलाय. धुक्याच्या खालून जातो." अर्जदार खरं ते सांगणारी बाई आहे, म्हणून कबूल करते की उजेड खरंच धुक्याखालून जातो. दिवे खाली असतात, उजेड रस्त्यावर पसरतो, वर धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येत नाही. हे कबूल करताना अर्जदाराला दोन घोट पाणी प्यावं लागलं.

४. दि. १८ डिसेंबर रोजी धुकं दाट होतं. अर्जदार नेहमीप्रमाणे मान बाहेर काढून रस्ता सांगत असताना प्रफुल्लची गाडी पुढे गेली. त्याच्या पिवळ्या दिव्यांत रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी स्वच्छ दिसत होती. गुऱ्हाळापाशी बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी होती. ती त्याला आधी दिसली आणि अर्जदाराला गुळाचा वास नंतर आला. तिथे सहादू, अर्जदाराने नऊ महिने पोटात वाढवलेला सहादू, म्हणाला, "आई, काच लाव आता. मला पुढचा लाल दिवा दिसून राहिलाय." अर्जदाराने काच लावली. पदर धरायचं कारण उरलं नाही म्हणून गोजराबाईने मूठ सोडली.

पुढे नाक्यावर चहाला गाड्या थांबल्या. लताबाईने प्रफुल्लच्या गाडीच्या खिडकीतूनच हाक मारली, "गोजरा, ये ना आमच्यात. गाडीत हीटर हाय, काचा लावून बसायचं, कोणी कानापाशी वरडत नाय." दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गोजराबाई आली, पण सहादूच्या गाडीपाशी आली नाही. लताबाईच्या गाडीत चढताना ती अर्जदाराकडे बघून म्हणाली, "सुमे, तुझ्या नाकापरीस त्याचे दिवे बरे." असं म्हणून ती बसली. तेव्हापासून सहादूच्या गाडीत मधली जागा रिकामी आहे. तिथे सहादू पाण्याचा जार ठेवतो. जार पदर धरत नाही.

५. अर्जदार हात बांधून बसलेली नाही. प्रफुल्लचे दिवे पिवळे, म्हणजे गुण पिवळेपणात असणार, असा विचार करून अर्जदाराने सहादूला न सांगता पिकअपच्या दोन्ही पुढच्या दिव्यांना हळद कालवून जाड लेप दिला. घरची हळद, दुकानची नव्हे. त्या दिवशी धुकं होतं. हळदीतून उजेड पुरेना, तेव्हा अर्जदाराने सहादूला अप्पर, म्हणजे वरची लाईट, मारायला लावला. अप्पर मारल्याबरोबर समोर पांढरी भिंत उभी राहिली, आणि ह्या भिंतीच्या आत सहादू, अर्जदार आणि पाण्याचा जार एवढेच उरले. धुक्याच्या पाण्याने हळद ओघळून बंपरवर, नंबरप्लेटवर आली. चांदोरीत लोकांना वाटलं नवरदेवाची गाडी आहे. एका बाईने थांबवून अक्षता टाकल्या आणि विचारलं, "मुलगी कुठली?" मागून प्रफुल्लची गाडी हळूच बाजूने गेली. लताबाई काचेतून हसत होती. गोजराबाई हसत नव्हती. ती बघत होती, हे अर्जदाराने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

ह्या प्रकाराने अर्जदाराला दोन गोष्टी कळल्या. दिव्याचा गुण रंगात नसून तो कुठे बसवला आणि कसा पसरतो ह्यात असतो. आणि धुक्यात अप्पर मारणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांवर चादर टाकणं.

६. आता मूळ तक्रार. निफाडच्या मांडवात साहेब म्हणाले ते असं : दाट धुकं असेल, पाऊस कोसळत असेल किंवा धूळ उडून पुढचं दिसत नसेल, तेव्हाच धुक्याचे दिवे लावा आणि सोबत खालची लाईट ठेवा. दिसायला लागलं की लगेच बंद करा. अंधार पडला म्हणून लावू नका, शोभेला लावू नका, समोरच्याचे डोळे दिपतात. मागचा लाल दिवा स्वच्छ हवेत लावला तर मागच्या गाडीला तो दिवा कोणता आणि ब्रेक कोणता हे कळत नाही. आणि दिवे आहेत म्हणून गाडी पळवू नका. हे भाषण चालू असताना प्रफुल्ल मांडवाबाहेर तिन्ही दिवे चालू ठेवून भजी खात होता. ऊन एवढं होतं की भजीला सावली पडली होती.

प्रफुल्ल हे दिवे कधी लावत नाही ते सांगणं सोपं आहे, तो झोपलेला असताना. एरवी चांदण्यात लावतो, दुपारी लावतो, जुड्या निवडायला लावतो, सासूच्या नव्या साडीचा रंग बघायला लावतो. समोरून येणारे आंधळे होऊन द्राक्षाच्या बागेत शिरतात. विशेष नोंद घ्यावी की दि. १४ जानेवारीला, संक्रांतीला, बाजाराला निघायला उशीर झाला होता आणि सकाळी साडेआठचं लख्ख ऊन होतं. प्रफुल्ल पुढे, मागचा लाल दिवा चालू. सहादूला वाटलं ब्रेक मारला, म्हणून त्याने मारला. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी सहादू म्हणाला, "जाऊ दे, हा असाच पेटतो," आणि नेमक्या त्या वेळी रस्त्यात शेळ्या आल्या होत्या. सहादूची गाडी जाऊन प्रफुल्लच्या गाडीला टेकली. मागच्या साठ जुड्या सहादूच्या टपावरून उडून लताबाईच्या मेथीवर पडल्या. लताबाई खाली उतरून म्हणाली, "सुमनबाई, तिळगूळ द्यायची ही कोणत्या गावची रीत?"

गोजराबाईने उतरून सगळ्या जुड्या ओटीत गोळा केल्या, माती झटकली आणि एकेक करून सहादूच्या गाडीत परत लावल्या. मग खिडकीपाशी येऊन म्हणाली, "सुमे, लागलं का कुठं?" अर्जदाराने सहादूला सांगितलं, "तिला सांग, लागलं नाय." सहादू म्हणाला, "आई, ती इथंच उभी हाय." अर्जदाराने त्याला पुन्हा तेच सांगितलं.

७. ह्या दिव्यांचे इतर परिणाम पुढीलप्रमाणे झाले असून साहेबांनी पंचनामा करावा. वस्तीवरचा बागाईतदार फकिरा, त्याचा कोंबडा सूर्य नक्की कोणता हे न कळल्याने दिवसातून सात वेळा आरवतो आणि आता त्याचा घसा बसला आहे. फकिराच्या बागेतली रस्त्याकडची ओळ बाकीच्यांच्या बारा दिवस आधी गोड झाली, आणि ती द्राक्षं फकिराने लताबाईला पाठवली, अर्जदाराला एक मणी पाठवला नाही. वस्तीवरचं एक घुबड चष्मा लावतं. सर्वात वाईट म्हणजे ह्या उजेडाचा धाक घेऊन गेले नऊ दिवस चांदोरीला धुकंच उतरलेलं नाही. धुकं नाही, म्हणजे अर्जदाराचं नाक रिकामं. आणि तरीही रोज पहाटे, आभाळ काचेसारखं स्वच्छ असताना, ते पिवळे दिवे पेटवून गोजराबाईला घेऊन गाडी अर्जदाराच्या दारासमोरून जाते. तिचं डोकं मधल्या जागेवर दिसतं. लताबाईची मान तिच्याकडे वळलेली असते. दोघी काय बोलतात ते काचांमुळे ऐकू येत नाही.

८. तरी साहेबांना विनंती की,

(अ) प्रफुल्ल ह्यास समज देण्यात यावी. मीटर-फुटाचा हिशेब त्याला सांगू नये. आमच्या रस्त्याला विजेचे खांब आहेत. गाडीत बसून पुढचा तिसरा खांब दिसेनासा झाला तर दिवे लावावे, तिसरा खांब दिसला की विझवावे. एवढं अर्जदाराच्या कोंबड्यांनाही समजतं.

(आ) मागचा लाल दिवा फक्त त्याच धुक्यात लावावा, म्हणजे मागून येणाऱ्याला गाडी आधी कळेल. धुकं ओसरलं की तो आधी विझवावा आणि मग खुशाल गाणी लावावी.

(इ) धुक्यात कोणीही अप्पर मारू नये. ह्यात अर्जदाराचा मुलगाही आला आणि त्याला मारायला लावणारी अर्जदारही आली. हळद लावण्याबद्दल दंड असल्यास तो सहादूने भरावा, गाडी त्याच्या नावावर आहे.

(ई) अर्जदाराचं नाक आपल्या दप्तरी धुक्याचा दिवा म्हणून नोंदवून घ्यावं. त्याला बॅटरी लागत नाही, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, आणि स्वच्छ हवेत ते आपोआप बंद असतं.

(उ) सहादूच्या गाडीला कायद्यात बसतील असे, कंपनीचे, दोन दिवे लावायला अर्जदाराची हरकत नाही, असं अर्जदाराने आज सकाळी ठरवलं आहे. ते लावताना साहेबांनी कोणाला तरी पाठवावं. फक्त त्या दिव्यांच्या उजेडात काय दिसतं ते खिडकीत बसून सांगायचं काम अर्जदाराकडेच राहावं.

(ऊ) गोजराबाईस मधल्या जागी परत बसण्याचा लेखी हुकूम व्हावा. तेवढा अधिकार साहेबांना नसल्यास निदान आपल्या शिक्क्याचं एक पत्र तिला जावं की पाण्याचा जार काढून मागे ठेवलेला आहे. अर्जदार स्वतः जाऊन सांगणार नाही. सरकारी कागद आला की गोष्ट वेगळी असते.

आपली नम्र, निर्णय लागेपर्यंत दारातच बसून असलेली,

सुमनबाई पुंजा गांगुर्डे
(सही स्वतःची आहे, अंगठा नाही)

सोबत :
१. अर्जदाराच्या जुन्या पातळाचा पदर, चुण्यांसह, एक. परत मिळावा.
२. चांदोरीचं धुकं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, बूच घट्ट. उघडून तपासू नये, निघून जाईल आणि दुसरं पाठवता येणार नाही.
३. कोथिंबीर, एक जुडी. ही लाच नाही, नमुना आहे.

खुलासा : वरील अर्ज साक्षीने वाचून दाखवला तेव्हा ती परिच्छेद ४ पाशी थांबली आणि अर्जदाराकडे बघत बसली. दि. १९ च्या पहाटे तीही बाजाराला निघाली होती आणि मागे जुड्यांत बसलेली होती, हे अर्जदार विसरली होती. सबब, शपथ कायम ठेवून कळवण्यात येतं की स्वेटर, एक्केचाळीस गाड्या, कोंबडा आणि घुबडाचा चष्मा ह्यांना हात लावू नये, ते जसंच्या तसं खरं आहे. मात्र "तुझ्या नाकापरीस त्याचे दिवे बरे" हे वाक्य गोजराबाई बोललेली नाही. ते अर्जदाराने घातलं. त्या पहाटे गोजराबाई लताबाईच्या गाडीत एक पाय ठेवून खोळंबली आणि तिने हाक मारली, "सुमे, तूबी चल ना. रात्रभर खोकत होतीस, मला ऐकू येत होतं. दाटीनं बसू, खिडकी तुला देते, मी मधे सरकते." अर्जदाराने ऐकू आलं नाही असं केलं. अर्जदाराला चांगलं ऐकू येतं.